सुलेखामामीची माची

कार्ल्सरूहेला मामीच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा आधी दिसली ती जिन्यातली स्टुलं. दगडी जिना, प्रत्येक वळणावर एक खिडकी आणि खिडकीखाली एक लाकडी स्टूल. त्यावर ना कुंडी, ना वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मी पेटी ओढत, धापा टाकत चढत होते आणि चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून मामी सांगत होती, "टेक गं जरा! जेवण काही पळून जात नाही."

जर्मनीत जिन्यात काही ठेवायचं नसतं. घराच्या नियमावलीत ते छापलेलं असतं आणि तळमजल्यावरच्या फ्राउ केसलर यांना ती नियमावली तोंडपाठ होती. मामा-मामीचं क्षीरसागर हे आडनाव त्यांच्या तोंडून 'किर्शझागर' असं येई. किर्श म्हणजे चेरी, त्यामुळे निम्मं आडनाव तरी आपल्याला कळतं असं त्यांना वाटत असावं.

"फ्राउ किर्शझागर, ट्रेपेनहाउसमध्ये वस्तू ठेवायला बंदी आहे."

"आल्झो, फ्राउ केसलर," मामी शांतपणे म्हणे, "मी डोंगर चढून आलेय. आता जिन्यासाठी परवानगी मागायला लावू नका."

हे संभाषण मी स्वतः ऐकलं, सदुसष्ट सालच्या ऑक्टोबरात. मामी कुठला डोंगर चढून आली, हे आमच्या घरात सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. सबंध हकीकत मला तिनं आणि श्रीरंगमामानं मिळून सांगितली, एकमेकांची वाक्यं तोडत.

सुलेखामामी नगर जिल्ह्यातल्या निंबदेव गावची. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचं हेमाडपंती देऊळ. चुना नाही, माती नाही, काळ्या दगडात काळा दगड अडकवून उभं केलेलं. तिचे वडील तिथले गुरव. देवाची पूजा करायची, गावाला पत्रावळी पुरवायच्या आणि सोमवारी घरोघर बेल पोचवायचा, असं पिढ्यांचं काम. बेल निवडायची ती सुलेखा. एका देठावर तीन पानं, तिन्ही अखंड. कीड लागलेलं, कडेला फाटलेलं बाजूला. बोटं इतकी सरावली होती की गप्पा मारताना, पानांकडे न बघता ती टोपली भरायची. वडिलांचा धाक एकच होता. "तोंड तिकडे कर. फुंकर लागली की बेल उष्टा झाला." पानावर धूळ असली तर पाण्यानं धुवायची, फुंकायची नाही. समईसुद्धा फुंकून मालवायची नाही.

दुपारी देवळात कुणी नसलं की पोरं एक खेळ खेळत. बेलाचं पान घ्यायचं आणि भिंतीतल्या दोन दगडांच्या सांध्यात सरकवून बघायचं. ते कधीच आत जात नसे. "भिंत पान घेत नाही!" असं ओरडत पोरं पुढच्या सांध्याकडे धावत. घरी निघताना मात्र वडील सगळ्यांना पायरीवर बसवत. दर्शन झाल्यावर घटकाभर पायरीवर टेकायचं, देवाच्या दारातून तरातरा निघायचं नाही. ज्या दिवशी सुलेखा जर्मनीला जायला निघाली, त्या दिवशी नगरहून आणलेली मोटार देवळाबाहेर भोंगा वाजवत होती. वडील म्हणाले, "टेक गं." ती म्हणाली, "बाबा, मोटार थांबलीय," आणि पळाली.

श्रीरंगमामा पाण्याचा इंजिनियर. पंचावन्न साली तो कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आला. तिथल्या प्रयोगशाळेत नद्यांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडत. त्याचा मित्र दिनकर म्हणायचा, "हा माणूस नावात सागर घेऊन फिरतो आणि दिवसभर बादलीनं पाणी ओततो." पुढच्या वर्षी मामी आली. पहिला हिवाळा खोकल्यात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात रुमालावर रक्त दिसलं.

श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या एका सॅनटोरियममध्ये तिच्या डाव्या बाजूच्या बरगड्या काढल्या आणि ते फुफ्फुस कायमचं मिटवलं. "राहत्या घरातली एक खोली कुलूप लावून बंद करतात ना, तसं," मामी म्हणते. मग बाल्कनीत, समोर बर्फ पडत असताना, घोंगड्यांत गुंडाळून तासन्‌तास पडून राहायचं. नर्सेस तोंडावर फडकं बांधून येत. थुंकायला झाकणाची निळी बाटली प्रत्येकाच्या उशाशी. रुग्ण तिला लाडानं 'निळा हाइनरिश' म्हणत. आणि दर आठवड्याला एक यंत्र. त्याच्या नळीत फुंकलं की पाण्यातलं पत्र्याचं भांडं वर उचललं जाई. जेवढा श्वास, तेवढं वर.

"ब्लाझेन, फ्राउ क्षीरसागर! ब्लाझेन!" डॉक्टर ओरडत. फुंका!

जन्मभर जिला फुंकू नको म्हणून शिकवलं, ती डोळे मिटून फुंकायची. भांडं थोडं हलायचं आणि खाली बसायचं. त्याच हिवाळ्यात वडील गेल्याची तार आली. प्रवासाचं नावही काढता येत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर फ्राउ लिंडनर होत्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, उंच आणि हाडकुळ्या. त्यांच्या उशाशी एक भिंतीवरचं कॅलेंडर टांगलेलं होतं. महिना बदलला, लिंडनरबाईंनी पान उलटलं आणि मामी खाटेवर उठून बसली.

"माइन डोर्फ!" ती ओरडली. माझं गाव!

चित्रात दगडी भिंत होती. मोठमोठे दगड एकमेकांत घट्ट बसवलेले, मध्ये चुन्याची रेघही नाही. कुणी जर्मन माणूस निंबदेवला जाऊन आमच्या देवळाची भिंत टिपून आला, असंच तिला वाटलं. "हेमाडपंती," ती बोट ठेवून म्हणाली. "हेमाडपंती!"

लिंडनरबाईंनी चष्मा लावला. "नाइन, नाइन." नाही, नाही. "पेरू."

मामीला वाटलं, बाईंना भूक लागली. "पेरू इथे कुठे मिळणार?" आपल्या मोडक्या जर्मनमध्ये तिनं समजूत घातली. "आमच्याकडे मिळतो. हिरवा. आत गुलाबी. बिया फार."

लिंडनरबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि घंटा वाजवून नर्सला बोलावलं. ताप नव्हता. तरी गोंधळ मिटायला सबंध दुपार गेली. शेवटी नकाशाचं पुस्तक आलं, दक्षिण अमेरिका आली, आणि पेरू नावाचा देश आहे हे मामीनं मान्य केलं. पण चित्राखालचं नाव लिंडनरबाईंनी वाचून दाखवलं, 'माचू पिचू', तशी ती पुन्हा उसळली.

"माची! बघा, मी म्हटलं नव्हतं? डोंगराच्या अंगाला सपाटी असते, किल्ल्याची, तिला आम्ही माची म्हणतो."

"तिथल्या लोकांच्या भाषेत माचू म्हणजे म्हातारा," लिंडनरबाई शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या. "इंका लोकांनी बांधलेलं आहे ते. म्हातारा डोंगर."

"मग म्हातारी माची," मामी म्हणाली, आणि तो प्रश्न तिच्यापुरता निकालात निघाला.

ते पान पुढचा महिना आला तरी उलटलं गेलं नाही. बाल्कनीत पडल्या पडल्या ती त्या भिंतीकडे बघत राही. एक दिवस तिनं लिंडनरबाईंना सांगितलं, "मी तिथे जाणार. त्या भिंतीला हात लावणार." बाई हसल्या नाहीत. "गेनाऊ," एवढंच म्हणाल्या. अगदी बरोबर.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जगाल, फ्राउ क्षीरसागर. पण सपाटीवर. डोंगर नाही."

ती घरी आली, पण पेशंट म्हणूनच. मामा बाजार करी, कोळसा वर आणी, मामीला आठवड्यातून एकदा हाताला धरून चार मजले उतरवी आणि चढवी. ती खिडकी उघडायला उठली तरी तो म्हणे, "राहू दे, दमशील." त्याच्या प्रेमात खोट नव्हती, पण 'दमशील' हा शब्द त्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकू येई. दिनकरची बायको मालिनी तान्ह्या मुलीला घेऊन भेटायला आली, तेव्हा मामी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. बोलताना तोंड खिडकीकडे वळवून बोलली. तिला तसं बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. जवळ ये म्हणूनही कुणी सांगितलं नाही. देवापुढे दिवा लावणं तर तिनं कधीच थांबवलं होतं. तिच्या श्वासाला जपूनच सगळे वागत होते. काही तो संपेल म्हणून, काही तो लागेल म्हणून.

अशी साडेतीन वर्षं गेली. त्रेसष्टच्या जानेवारीत एकदा जेवताना मामा म्हणाला, "सहा आठवडे पेरूला जायचंय. तिथल्या एका धरणाची प्रतिकृती आम्ही केलीय, जागा बघून यायचीय."

मामीचा घास हातातच राहिला. "पेरूला?"

"अगं, देश."

"देश आहे ते माहितीय मला. मी येणार."

"कुठे?"

"माचीवर."

मामानं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी नळीत फुंकायला लावलं. भांडं नेहमीच्या जागी येऊन बसलं. मग ते मामाकडे बघत बोलू लागले, मामीकडे नाही. कुस्को नावाचं शहर लागतं वाटेत, तिथे हवा इतकी विरळ की धडधाकट जर्मनही भोवळ येऊन पडतात. आमच्या हाती आता याहून जास्त काही नाही, हेर क्षीरसागर.

"ऐकलंस?" बाहेर आल्यावर मामा म्हणाला. "त्यांनीसुद्धा हात टेकले."

"त्यांनी टेकले ना?" मामी ट्रामच्या दिशेनं चालू लागली. "मी नाही टेकले."

रविवारी लिंडनरबाई कॉफीला आल्या. मामानं त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, या तुमच्या कॅलेंडरमुळे झालं सगळं. बाईंनी कपात साखर ढवळली. "तुम्ही धरणं बांधता ना? मग पाणी नुसतं अडवून ठेवायचं नसतं, कधी दारंही उघडावी लागतात, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच."

मामानं अटी घातल्या. लिमापर्यंत यायचं. कुस्कोला झेपलं तर ठीक, त्रास झाला तर तिथून खाली उतरायचं, हट्ट करायचा नाही. मामी सगळ्याला हो म्हणाली. "होकाराला काय लागतं?" ती मला सांगताना म्हणाली. "त्याला एक फुफ्फुस पुरतं."

हॅम्बुर्गहून मालवाहू जहाजानं ते निघाले. लग्नातल्या पूजेच्या डबीत वडिलांनी दिलेला बेल होता, वाळून तपकिरी झालेला. त्यातलं एक पान मामीनं पर्समध्ये ठेवलं. लिमाहून कुस्कोला जाणाऱ्या विमानात प्रत्येक प्रवाशाला प्राणवायूची रबरी नळी दिली होती. लोक ती दातांत धरून गंभीर चेहऱ्यानं बसले होते. मामाची नळी सारखी निसटत होती. मामीला मात्र सवय होती. "नळीचं काय मला," ती म्हणते. "शेजारचा साहेब माझं बघून शिकला."

कुस्कोच्या गल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी त्याच भिंती चालल्या होत्या, खाली इंकांचे दगड, वर नंतरच्या लोकांची पांढरी घरं. हॉटेलात सामान टाकण्याआधी मामीनं पर्स उघडली, बेलाचं पान काढलं आणि दोन दगडांच्या सांध्यावर टेकवलं. कडेनं हलकेच दाबलं. पान वाकलं, आत गेलं नाही.

"भिंत पान घेत नाही!" ती भर गल्लीत ओरडली. मामा शरमून इकडेतिकडे बघू लागला. आणि तेवढ्यात तिचे ओठ निळे पडले. ती भिंतीला धरून खाली बसली.

दुसरा दिवस तिनं अंथरुणात काढला. डोकं फुटत होतं, छातीत लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज येत होता. हॉटेलवाली बाई कसल्याशा पानांचा काढा आणून देत होती. मामा उशाशी बसून होता. "उद्या लिमा," तो म्हणाला. "झालं एवढं पुष्कळ झालं. भिंतीला हात लागला ना तुझा?"

"ही शहरातली भिंत आहे. माची कुठे आहे?"

"सुलेखा, आपलं ठरलं होतं. त्रास झाला तर खाली उतरायचं."

"मग उतरू या की." ती कुशीवर वळली. "तुमच्याच नकाशात बघा. माची कुस्कोच्या पुष्कळ खाली आहे. गाडी सबंध वाट उतरत जाते."

मामानं नकाशा उघडला. समपातळीच्या रेषा वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या रेषा बायकोच्या बाजूनं होत्या.

गाडी खरोखर उतरत गेली. नदीच्या काठाकाठानं, दऱ्या अरुंद होत गेल्या, झाडी दाट झाली आणि मामीच्या ओठांना रंग आला. शेवटी नदीकाठच्या ठेसनावर ती उतरली तेव्हा ती स्वतःची पिशवी स्वतः घेऊन उतरली. इथून वर अवशेषांपर्यंत वळणावळणाचा रस्ता होता आणि त्यावरून बस जाई. पण आदल्या दिवशीच्या पावसानं दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. उतारू हळहळत पुलावर उभे होते. काही परतीच्या गाडीची चौकशी करत होते.

मामाला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. हे त्यानं मला स्वतः सांगितलं. "दरडीचं आपल्या हातात थोडंच असतं?" तो मामीला म्हणाला.

मामी वर बघत होती. रस्त्याला छेदत, झाडीतून सरळ वर गेलेली एक पायवाट होती, दगडी पायऱ्यांची. वर ढग होते. पायऱ्या ढगांत शिरत होत्या.

"मी टेकत टेकत येते," ती म्हणाली.

"सुलेखा, हात जोडतो तुझ्यापुढे."

"जोडा. फक्त टेकू नका म्हणजे झालं."

आणि तिनं वाकून पहिल्या पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि चढू लागली.

तिनं चढण्याची रीत तिथेच ठरवली. दम लागेपर्यंत थांबायचंच नाही. दम लागण्याआधीच बसायचं. थोड्या पायऱ्या चढायच्या, टेकायचं, खालच्या नदीकडे बघायचं, उठायचं. सॅनटोरियममध्ये दीड वर्ष विश्रांती घेतली ती आजाराची होती. ही बैठक निराळी होती. आपण देवळातून निघताना बसतो तशी बसत होते मी, असं ती सांगते, फक्त इथे देऊळ अजून यायचं होतं. मामा तिच्या पुढे भराभर चढे, वळणावर थांबे, काळजीनं खाली येई, पुन्हा चढे. त्याच्या हिशेबानं तो तिला मदत करत होता.

मध्यावर, एका वळणाला, दगडांची लहानशी रास होती. तिथे एक बाई बसली होती. डोक्यावर हॅट, पाठीवर रंगीत घोंगडीत बांधलेली मक्याची कणसं. वरच्या लहानशा हॉटेलात माल पोचवणारी असावी. तिनं मामीकडे पाहिलं, सरकली आणि शेजारचा दगड थोपटला. बस.

दोघी बसून राहिल्या. बोलायला दोघींत एकही भाषा नव्हती. मग त्या बाईनं कमरेची पिशवी सोडली. आत लहान हिरवी पानं होती, कुस्कोला मामी ज्याचा काढा प्यायली त्याच कोकाची. बाई एकेक पान निवडू लागली. फाटकं टाकून देत होती, अखंड बाजूला ठेवत होती. तीन पानं झाली की त्यांची देठं एकत्र धरून पंख्यासारखी पसरत होती.

मामी बघत राहिली. मग तिनं न विचारता हात पुढे केला. बोटं पिशवीत गेली आणि जुन्या सवयीनं चालू लागली. हे फाटकं, हे किडलेलं, हे चांगलं. बघता बघता तिच्या चिमटीत तीन अखंड पानं उभी राहिली, एका देठावरची असावीत अशी. त्रिदळ. ती बाई मोठ्यांदा हसली आणि तिनं मामीच्या मांडीवर थाप मारली.

मामी ती पानं दगडांच्या राशीवर वाहायला वाकली. बाईनं मनगट धरलं. नाही, असं नाही. तिनं आपली तीन पानं तोंडापुढे धरली, समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि त्यांवर हलकेच फुंकर घातली. मग मामीकडे बोट केलं. आता तू.

मामीचा हात थांबला.

"काय झालं?" मामानं विचारलं. तो वरून परतून आला होता.

"फुंकायला सांगतेय. देवाच्या पानांवर." तिचा आवाज बदलला होता. "उष्टी होतील ना हो. आणि माझा श्वास..." तिनं पानं तोंडापासून दूर धरली आणि मान वळवली, मालिनीच्या मुलीपासून वळवायची तशी.

त्या बाईला यातलं काही कळलं नाही, किंवा कळलं तेवढं पुरे झालं. ती सरकून अगदी जवळ आली, मामीच्या गालाला तिचा गाल लागेल इतकी. मामीची हनुवटी धरून तिनं तोंड डोंगराकडे केलं आणि दाखवण्यासाठी स्वतः पुन्हा एकदा फुंकलं. तिच्या श्वासाला मक्याचा वास होता. तिला डोंगराला पानं द्यायची नव्हती. पानांवरून श्वास द्यायचा होता.

मामीनं फुंकलं.

ब्लाझेन म्हणून ओरडायला कुणी नव्हतं, वर चढणारं भांडंही नव्हतं. तीन पानं थरथरली. दरीतलं धुकं हललं ते वाऱ्यानंच हललं असणार, पण मामी ते मान्य करत नाही. मग तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसू लागली. बाईनं दोघींची पानं एका दगडाखाली ठेवली, वर एक दगड मामीला ठेवायला लावला, गाठोडं उचललं आणि पुढे निघाली. मामी तिच्या मागोमाग. ती बाईसुद्धा ठरावीक अंतरानं बसत होती, आणि ओझं वाहणारी ती डोंगरातली बाई होती. बसणं हा तिथे चढण्याचाच भाग होता.

वरच्या शेवटच्या वळणाआधी त्यांना मामा दिसला. पायरीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा लालबुंद. खाली-वर करण्यात मामा तो डोंगर दोनदा चढला होता.

"दमलो गं," तो म्हणाला.

"दमायचं नसतं हो." मामी त्याच्या शेजारी बसली. "टेकायचं असतं. बसा."

मग दोघं बरोबर उठली.

वर पोचली तेव्हा ढग फाटत होते. आधी एक भिंत दिसली, मग तिच्यामागे दुसरी, मग डोंगराच्या अंगावर उतरत गेलेल्या हिरव्या सपाट्या, एकीखाली एक. "माचीच आहे हो," ती म्हणाली. रस्ता बंद असल्यामुळे त्या दिवशी तिथे गर्दी नव्हती. तिनं भिंतीला तळहात लावला. उन्हानं दगड तापू लागला होता. तिनं पर्समधलं बेलाचं पान काढलं नाही. त्याची आता गरज नव्हती. तिनं भिंतीवर माथा टेकला आणि पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. मामा थोडा दूर उभा होता. एरवी त्यानं दमशील म्हटलं असतं.

अवशेष बघून झाल्यावर ती एका पायरीवर येऊन बसली.

"पाय दुखतात का?" मामानं विचारलं.

"नाही. निंबदेवहून निघताना टेकायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "मोटार थांबली होती ना तेव्हा."

मामा तिच्या शेजारी बसला. दरीतून नदीचा आवाज येत होता. त्या दिवशी त्यांना खाली नेणारं काहीच थांबलेलं नव्हतं.

कार्ल्सरूहेला परतल्यावर डॉक्टरांनी नळी पुढे केली. भांडं जिथे नेहमी येई, तिथेच आलं. एक केसभरही वर नाही.

"हे फुफ्फुस घेऊन तुम्ही वर गेलात?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी ते मामीकडे बघून बोलत होते. "कशा?"

मामीनं जर्मन शब्द शोधला. विश्रांती म्हणावं तर ती नव्हे, थांबणं म्हणावं तर तेही नव्हे. शेवटी तिनं आपलाच शब्द दिला. "टेकत टेकत."

"टेकट," डॉक्टर म्हणाले.

"या," मामी म्हणाली, म्हणजे हो. "तसंच काहीतरी."

त्याच आठवड्यात तिनं देवापुढे दिवा लावला आणि मामाला तीन स्टुलं आणायला सांगितली. तेव्हापासून मामी एकटी जिना उतरते, बाजारात जाते, पिशवी भरून चढते, आणि इमारतीत कुणी विचारलं तर 'टेकत टेकत' म्हणते. मामा खिडकीत उभा राहतो, पण तो शब्द आता वापरत नाही.

मी तिथे राहत असताना एका रविवारी दिनकर आणि मालिनी आले. त्यांची मुलगी आता मोठी झाली होती. मराठी कळायचं, उत्तर जर्मनमध्ये द्यायची. जिना धावत चढताना ती घसरली आणि गुडघा फुटला. रडणं सबंध इमारतीत घुमलं. फ्राउ केसलर दार उघडून बाहेर आल्या, "या स्टुलांमुळेच!" असं म्हणत. स्टुलाचा त्यात काही संबंध नव्हता. तोवर मामी वरून उतरली होती. ती स्टुलावर टेकली, मुलीला मांडीवर घेतलं आणि गुडघ्यावर फुंकर घातली. हळू, लांब, पुन्हा पुन्हा. मालिनी दोन पायऱ्या खाली उभी होती. ती पुढे झाली, तेव्हा मला वाटलं मुलीला उचलून घेईल. तिनं मुलीचा सुटलेला बूट तेवढा काढला आणि मामीच्या पायाशी बसली.

"नॉख माल," मुलगी हुंदके देत म्हणाली. अजून एकदा.

मामीनं अजून एकदा फुंकर घातली.

फ्राउ केसलर आत गेल्या. त्यानंतर स्टुलांचा विषय निघाला नाही. मार्चमध्ये एका सकाळी मी घाईनं खाली उतरत होते, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीखालच्या स्टुलावर त्याच बसलेल्या. वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे तरी नियमावली घेऊन निघाल्या असाव्यात, कागद मांडीवर होता. गुडघा चोळत होत्या. मला बघून त्या ताठ झाल्या आणि नियम सांगावा तशा कडक आवाजात म्हणाल्या, "टेकट."